जुनी गाडी, लांबचा पल्ला आणि कष्टाचा पैसा

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. बंधू २०१८ साली गेले. वहिनी अंगणवाडीत मदतनीस. घर चालते ते या दोघांच्या मिळकतीवर आणि वहिनींच्या भिशीवर. तीन वर्षांपूर्वी या पोराच्या मनाने घेतले की, आपल्याकडे एक दमदार गाडी पाहिजे. शिफ्टला जायला सायकल चालते, बसही मिळते. पण ऑक्टोबरात नागपूरला दीक्षाभूमीवर जावे, २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर जावे, मित्रांबरोबर चार दिवस कोकण पाहावे, असे त्याला वाटत होते. यात वावगे काय आहे? आमच्या बापजाद्यांनी मुलूख पायी तुडवला तो पोटासाठी. पोराने आनंदासाठी चार गावे पाहिली तर बिघडते कुठे?

बिघडले ते गाडी घेण्याच्या पद्धतीत. मला न विचारता त्याने कुणा ओळखीच्याच्या ओळखीने एक जुनी पल्सर २२० घेतली. चाळीस हजार रोख दिले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले, खाली नोटरीचा शिक्का मारून घेतला. त्याला वाटले, व्यवहार पक्का झाला. चार महिन्यांनी कंपनीच्या गेटवर दोन माणसे आली. गाडीवर कर्ज होते आणि मूळ मालकाचे सात हप्ते थकले होते. त्यांनी दुसरी किल्ली लावली आणि गाडी घेऊन गेले. विकणाऱ्याचा फोन बंद. चाळीस हजारांत सव्वीस हजार वहिनींच्या भिशीचे होते.

वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही दुनियेचे फॉर्म भरून देता, घरातला कागद तेवढा बघायचा राहिला." मी खाली मान घालून ऐकले. बोलणे खरे होते.

वाचक बंधू-भगिनींनो, गेल्या पावसाळ्यानंतर त्याच पोरासाठी आम्ही पुन्हा गाडी घेतली. यावेळी मी सोबत होतो. त्या व्यवहारात जे शिकलो ते आपल्या घराघरांतल्या तरुणांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मी मेकॅनिक नाही, कारकून आहे. गाडीचे ज्ञान आमच्या वसाहतीतल्या गॅरेजवाल्या भाऊंचे, कागदाचे आणि हिशेबाचे माझे.

पहिला प्रश्न, कोणती गाडी? लांब पल्ल्याची गाडी म्हणजे सर्वांत वेगाची गाडी नव्हे. दिवसाला तीनशे किलोमीटर बसून पाठ मोडू नये, मागे माणूस आणि सामान घेऊन घाट चढावा, टाकी मोठी असावी आणि आडगावात बंद पडली तर तिथला मिस्त्री तिला हात लावू शकावा, एवढी तिची लायकी. आपल्या ऐपतीत येणाऱ्या जुन्या गाड्यांत तीन-चार नावे पुन्हा पुन्हा समोर येतात. बजाजची अॅव्हेंजर २२० बसायला आरामाची, खर्चाला हलकी. पण ती बुटकी आहे, खडबडीत रस्त्यावर खाली घासते. डॉमिनार ४०० जोरकस आहे, पण तिचे इंजिन पाण्याने थंड होणारे. रेडिएटर आणि त्यातले कूलंट यांच्याकडे आधीच्या मालकाने दुर्लक्ष केले असेल तर खर्च मोठा. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली. तिची सुरुवातीची कार्बोरेटरवाली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी जपून, तिच्या तक्रारी पुष्कळ होत्या. २०१७ नंतरची फ्युएल इंजेक्शनची बरी. आणि चौथी थंडरबर्ड ३५०. हिचे उत्पादन २०२० साली थांबले, तिच्या जागी मिटिऑर आली. पण थंडरबर्डचे इंजिन जुन्या क्लासिक ३५० च्याच जातीचे, त्यामुळे सुटे भाग आणि कारागीर दोन्ही तालुक्याच्या गावी मिळतात. २०१२ नंतरच्या थंडरबर्डची टाकी वीस लिटरची आहे. लिटरला तीस-पस्तीस धरले तर एका टाकीत सहाशे किलोमीटर. पोराचे मन तिच्यावर बसले आणि माझेही.

एक गोष्ट मात्र मनाला खुपली, ती लपवत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला एबीएस सक्तीचे झाले. म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन गाडी घसरत नाही. आम्ही पाहिली ती २०१७ ची, तिला एबीएस नव्हते. एबीएसवाली घ्यायची तर आणखी वीस-पंचवीस हजार लागले असते. पैसे नव्हते. ज्याच्याकडे असतील त्याने रंग आणि चकाकी सोडून आधी तिकडे घालावेत.

आता किंमत. जुन्या गाडीची किंमत विकणारा ठरवतो ती "मी नवीन केवढ्याला घेतली" यावर. हे धोरणच चुकीचे. आम्ही बी. कॉम.ला घसारा शिकलो. वस्तूची आजची किंमत काढताना आज तशीच नवीन वस्तू केवढ्याला मिळते हे आधी पाहायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कारखान्यातून दीड लाखाला निघालेली गाडी आधी करासह १ लाख ९२ हजारांना पडत होती, ती १ लाख ७७ हजारांना पडू लागली. पंधरा हजारांचा फरक. नवीन गाडी पंधरा हजारांनी उतरली तर जुनीने का उतरू नये? विकणारा ही गोष्ट आपणहून सांगत नाही, आपण शांतपणे सांगायची. मात्र ३५० सीसीच्या वर कर ४० टक्के झाला आहे. तिथे हा मुद्दा उलटा फिरतो, तेव्हा हिमालयन किंवा डॉमिनार घेणाऱ्याने तो काढू नये. दसरा-दिवाळीला लोक नवीन गाड्या घेतात आणि जुन्या बाजारात येतात, तो काळ घेणाऱ्याला बरा. भर पावसाळ्यातही गिऱ्हाईक कमी असते.

देवळालीकडचे एक गृहस्थ गाडी विकत होते. मागणी ९८ हजार. रविवारी सकाळी आम्ही तिघे, मी, पोरगा आणि गॅरेजवाले भाऊ, त्यांच्या दारात गेलो. आदल्या रात्री फोनवर एकच विनंती केली होती, "साहेब, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." भाऊंनी गेल्या गेल्या इंजिनाला हात लावला. गरम. गृहस्थ म्हणाले, "दूध आणायला गेलो होतो." असेलही. पण गरम इंजिन दोष झाकते. थंड इंजिन पहिल्या दणक्यात कसे उठते, आवाज कसा करते, धूर कोणत्या रंगाचा टाकते, यातच त्याची प्रकृती कळते. आम्ही भांडलो नाही. "चहा होऊ द्या, घाई नाही," म्हणून दीड तास त्यांच्या ओट्यावर बसलो. तोवर भाऊंनी बाकीची तपासणी उरकली.

ते बॅटरी घेऊन टाकीत डोकावले, आत गंज आहे का ते पाहिले. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर बोट फिरवले तर बोटाला तेल लागले, सील गेलेले. मागच्या चाकावरची चेन बोटाने मागे ओढून पाहिली. ती स्प्रॉकेटपासून सुटून वर येत होती, दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवले. मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर आतले बेअरिंग गेले समजायचे, इथे ते ठीक होते. मग ब्रेकच्या दांड्यांची टोके, पायटे आणि सायलेन्सर. गाडी पडली असेल तर पहिला घाव तिथे बसतो, आणि माणसे रंग देतात तो टाकीला. हँडल वळवले की ते चेसिसला जिथे टेकते तिथला ठोकळा चेपलेला असेल तर समोरून जोरदार धडक झाली आहे, ती गाडी फुकटही घेऊ नये. मीटरवर ३१ हजार किलोमीटर होते. पायट्याचे रबर आणि हँडलची मूठ त्याच्याशी जुळते का, हेही भाऊंनी पाहिले. मीटर मागे फिरवता येतो, रबराची झीज फिरवता येत नाही.

टायरची गोष्ट तर मलाही नवी होती. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथे होते १९१७, म्हणजे २०१७ सालचा एकोणिसावा आठवडा. नक्षी चांगली शिल्लक होती, गृहस्थ म्हणाले, "टायर तर नव्यासारखे." दिसायला होतेच. पण आठ वर्षांचे रबर कडक होते, पावसात पकड सोडते. एबीएस नाही आणि वर असले टायर! मी तिथेच ठरवले, गाडी घेतली तर दोन्ही टायर पहिल्याच दिवशी बदलायचे.

इंजिन थंड झाल्यावर भाऊंनी सेल्फ मारला. या इंजिनात सेल्फ मारताना खडखडाट झाला तर आतला स्प्रॅग क्लच झिजला असे समजतात, आणि ते काम खर्चाचे. खडखडाट झाला नाही. धूर पाहिला. निळसर असता तर इंजिन तेल जाळते, काळा असता तर पेट्रोल जास्त जाते. सुरुवातीला किंचित पांढरी वाफ आली आणि गेली, ती थंडीची. मग भाऊ एक चक्कर मारून आले. वरच्या गिअरमध्ये एकदम मूठ पिळली तर इंजिन नुसते ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही, असे झाले तर क्लच प्लेटा गेल्या. तसे नव्हते. त्यानंतर पोराला मागे बसवून पुन्हा एक चक्कर. लांबच्या प्रवासाची गाडी एकट्याने चालवून पाहून भागत नाही.

गाडी चांगली होती. आता कागद, म्हणजे माझी पाळी.

आरसी हातात घेतली आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला, मग इंजिन नंबर. अंक खरवडलेले किंवा पुन्हा ठोकलेले दिसले तर तिथूनच उठावे. मग सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडी क्रमांक टाकून पाहिले. मालकाचे नाव, विम्याची मुदत, पीयूसी, आणि मुख्य म्हणजे कर्जाचा बोजा. बोजा दिसत होता! पोराचा चेहरा पडला. गृहस्थ म्हणाले, "अहो, कर्ज २०२० मध्येच फेडले." खरेच फेडले होते, बँकेचे शेवटचे विवरण त्यांनी दाखवले. पण नुसते कर्ज फेडून आरसीवरचा बोजा उतरत नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो, तेव्हा तो निघतो. त्यांनी दिलाच नव्हता, पत्रही हरवले होते. असे निम्मे लोक करतात, त्यात लबाडी नसते. पण पल्सरच्या वेळी नेमकी हीच रेघ कुणी वाचली नव्हती.

चलनांचे दोन दंडही थकले होते. नंबरप्लेट जुनी होती. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावणे बंधनकारक आहे, तीही बाकी. विमा मात्र चालू होता.

आम्ही ओट्यावर बसून वहीत हिशेब मांडला. दोन टायर ५,७००. चेन-स्प्रॉकेट २,८००. शॉकअपचे सील व तेल मजुरीसह १,२००. ऑइल आणि सर्व्हिसिंग १,५००. विमा २,२००, कारण चालू विमा दोन महिन्यांत संपणार होता. नंबरप्लेट ५३०. नावावर करण्याचा आणि इकडचा तिकडचा खर्च हजार. बेरीज १४,९३०. ही वही मी त्यांच्यापुढे ठेवली. घासाघीस करताना गाडीला नावे ठेवू नयेत, माणूस दुखावतो. आकडे ठेवावेत. जीएसटीचेही सांगितले. त्यांनी वही दोनदा वाचली, आत जाऊन सौभाग्यवतींशी बोलून आले आणि ८४ म्हणाले. आम्ही ८० म्हटले. ८२ ला ठरले. दंड आणि बोजा उतरवणे त्यांच्याकडे, बाकी आमच्याकडे. म्हणजे आमच्या हिशेबाने गाडी ९७ हजारांना रस्त्यावर येणार होती. लाखाची तयारी करून गेलो होतो.

पाच हजार इसार दिला, पावती घेतली. पावतीत लिहून घेतले की, बोजा एका महिन्यात न उतरल्यास इसार परत. गाडी तिथेच ठेवली. पोराला हे रुचले नाही. "काका, गाडी तर आजच नेऊ या ना, माणूस चांगला आहे." मी म्हणालो, "माणूस चांगला आहे म्हणूनच त्याच्याकडे महिनाभर सुरक्षित राहील." बावीस दिवसांत बोजा उतरला. त्या दिवशी उरलेले ७७ हजार बँकेतून त्यांच्या खात्यावर पाठवले, रोख नाही. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या झाल्या आणि मगच किल्ली घेतली.

कायदा इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, एकाच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचे असते. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत लागते. शिवाय इथला रस्ता कर पुन्हा भरावा लागतो, म्हणून दिल्लीची गाडी स्वस्त दिसते तेव्हा कर मिळवून पाहावे. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याचे आरटीओचे अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते सक्तीचे आहे.

आणि ज्यांनी आपली गाडी विकली आहे त्यांनीही ऐकावे. विकून मोकळे झालो असे होत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला की, आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक. त्या गृहस्थाने गाडी केव्हाच विकली होती, ती पुढे आणखी हातांत गेली होती, अपघात दुसऱ्याच्या हातून झाला, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर आली. तेव्हा फॉर्मवर कोऱ्या सह्या देऊन "तुम्ही सवडीने करा" म्हणणे म्हणजे आपल्या घरावर दुसऱ्याच्या हाताने चिठ्ठी काढणे आहे.

विम्याचेही तसेच. विक्रीबरोबर तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही, १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, आपल्याला मिळत नाही. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो गाडी नावावर असलेल्या, परवाना असलेल्या माणसाला. कमावते पोर एकटे असलेल्या घरात थोडक्या पैशांसाठी हा भाग टाळू नये. वहिनींना मी हे नीट समजावून सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, पैसे काढून दिले.

पोराचा पुढचा बेत नागपूरचा आहे. त्याला वाटत होते समृद्धी महामार्गाने सरळ निघू. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, हे त्याला मीच सांगितले. जायचे ते जुन्या रस्त्याने, येवला, वैजापूर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर. एका दिवसात नाही, दोन दिवसांत. भाऊंनी त्याला क्लचची आणि अॅक्सिलरेटरची जादा केबल, पंक्चरचे सामान आणि एक स्पार्क प्लग बांधून दिला आहे. जुन्या केबलीच्या शेजारीच नवी केबल टेपने बांधून ठेवायची, तुटली तर वाटेत पाच मिनिटांत जोडता येते, ही त्यांची युक्ती.

आरसीचे कार्ड गेल्या महिन्यात स्पीड पोस्टाने आले. पोरगा शिफ्टला होता, पाकीट वहिनींनी घेतले. संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते बंधूंच्या फोटोखालच्या फळीवर होते, अजून न उघडलेले. "भावजी, तुम्हीच वाचा," म्हणाल्या. मी पोराचे पूर्ण नाव वाचले, मधले बंधूंचे नावही वाचले. मग बोज्याचा रकाना पाहिला. कोरा होता. वहिनींनी कार्ड हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि भिशीच्या वहीत ठेवले. वाचलेले तीन हजार त्याच वहीत आहेत.